मयत राहणार कुठला?

माणूस मेला की घरचे रडतात, दहावं-तेरावं करतात, आणि जरा सावरले की कोर्टात येतात. तिथं त्यांना पहिला प्रश्न विचारतात तो असा: मयत राहणार कुठला? कशानं गेला, स्वभावानं कसा होता, मागं कोण रडतंय, ते कोर्ट विचारत नाही. राहत कुठं होता तेवढं सांगा. धुळ्याच्या दिवाणी कोर्टात मी बेलिफ होतो. हा प्रश्न मी इतक्या लोकांना विचारलेला ऐकला की मला वाटायचं, याच्याइतका सोपा प्रश्न दुसरा नाही. लोक उगाच अडखळतात.

मागच्या वर्षी आमची घरची गेली. तिचं नाव घ्यायची मला सवय नाही, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. ती गेल्यापासून तो प्रश्न मला सोपा वाटत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मी शिकलेला माणूस नाही. चौथी गावात झाली आणि सातवी नोकरी लागल्यावर, फायली उचलता उचलता. शिपाई म्हणून लागलो, बेलिफ म्हणून सुटलो. त्यामुळे इथं भाषा सापडली नाही तर अंक मिटू नका, पुढचं पान कुणा प्रोफेसराचं असेल, ते चांगलं असेल.

बेलिफ म्हणजे कोर्टाचे पाय. जज्जसाहेब खुर्चीत बसून हुकूम देतात, पण हुकूम काही चालत जात नाही. तो कुणीतरी सायकलवर टाकून न्यावा लागतो. समन्स बजावायचं, नोटीस डकवायची, जप्तीला जायचं, ताबा द्यायचा. गावात बेलिफ शिरला की आधी कुत्री भुंकतात, मग दारं लागतात, मग एखादी म्हातारी ओट्यावरून विचारते, "कोनाकडे रे बाबा?" आपल्याकडे नाही असं कळलं की तीच तांब्याभर पाणी आणून देते आणि ज्याच्याकडे आलो त्याची सगळी कुंडली सांगते.

वारस दाखल्याच्या कामाला मी खुशीनं जायचो, कारण त्यात कुणाचं भांडं उचलून आणायचं नसतं. कुणी मेला आणि त्याचा पैसा बँकेत अडकला, तर बँक म्हणते, कोर्टाचा वारस दाखला आणा. त्यासाठी अर्ज केला की कोर्ट जाहीर नोटीस काढतं. अमका मयत झाला, अमकी बाई स्वतःला वारस म्हणते, कुणाची हरकत असेल तर पुढं या. ही नोटीस मयताच्या राहत्या घराच्या दारावर डकवायची, एक चावडीवर डकवायची, पंचांच्या सह्या घ्यायच्या, कोतवालाकडून दवंडी पिटवायची. झालं.

डकवायला सरकारी डिंक मिळायचा. आमच्या उन्हात त्याचा खडा व्हायचा. मग घरची मला गव्हाच्या पिठाची खळ करून द्यायची, वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात. पहिल्याच खेपेला घोटाळा झाला. चावडीवर नोटीस लावली, पाठ फिरवली, आणि एका शेळीनं ती पिठासकट खाल्ली. शिक्का, सही, सगळं गिळलं! घरी येऊन सांगितलं तर ही पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"एवढं काय हसायचं? साहेबांना काय सांगू?"

"सांगा, शेळीची हरकत नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती खळीत कडुलिंबाचा पाला उकळून घालायला लागली. त्यानंतर माझ्या नोटिशीला कुठल्या शेळीनं तोंड लावलं नाही. कोर्टात बाकीचे बेलिफ तिची खळ मागून न्यायचे.

आता कोर्ट कुठलं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लोकांना वाटतं, पैसा जिथं तिथलं कोर्ट. नाहीतर मेला जिथं. नाहीतर वाडवडलांचं गाव जिथं. तसं नाही. मरणाच्या वेळी माणसाचं नेहमीचं राहणं जिथं होतं, त्या जिल्ह्याचं कोर्ट. आणि ज्याला ठाम असं एक ठिकाणच नव्हतं, त्याची चीजवस्तू जिथं सापडेल तिथलं. दोन ओळींचा कायदा आहे. पण माणूस दोन ओळींत राहत नाही.

एकदा एक जण ट्रकड्रायव्हर भावासाठी आला होता. मयत राहणार कुठला? तर म्हणे, "गाडीत." मग गाडी कुठं राहते? "ती तर साहेब रस्त्यावर." एका मयताच्या दोन बायका दोन गावांत होत्या आणि दोघीही शपथेवर सांगत होत्या की मालक कायम आमच्याकडेच. साहेब म्हणाले, "ये-जा करूनच दमून गेला असणार बिचारा." दोघीही हसल्या. पुढं त्यांचं आपसांत मिटलं.

वेणूअक्काचं मात्र असं हसून मिटण्यातलं नव्हतं.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची, माझा थोरला तेव्हा कॉलेजात होता. अक्का सावद्याहून आली होती. साठीची बाई, मोकळं कपाळ, लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. ते डाग कधी धुऊन जात नाहीत. सावद्याकडचं माणूस त्यावरून ओळखावं. ती केळीच्या वखारीत मजुरीला जायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. तिचं माहेर इकडचं, शिरपूर तालुक्यात तापीच्या अंगाला. तिचा धाकटा भाऊ लोटन. त्याचं लग्न झालं नाही. तरुणपणी तो शिरपूरला जिनिंगमध्ये कापूस तोलायला होता, तेव्हापासून तिथल्या बँकेत थोडंथोडं टाकत आला. एकदा पावती बदलायला शिरपूरला गेला आणि तिथंच छातीत कळ आली. लोकांनी धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आणलं, तिथं गेला. पुतण्यांनी गावी नेऊन अग्नी दिला.

थोरला भाऊ आधीच वारला होता. कायद्यानं पुतण्यांच्या आधी बहीण. म्हणजे वारस अक्काच. तिचे हात आता केळीचा घड उचलत नव्हते. म्हातारपणाची भाकर त्या बँकेच्या पावतीत होती आणि दाखल्याशिवाय ती निघणार नव्हती.

ती आधी जळगावला गेली, कारण सावद्याला जळगाव जवळ. तिथं अर्ज लिहिणाऱ्यानं विचारलं, मयत राहणार कुठला? तिनं माहेरचं गाव सांगितलं. तो म्हणाला, "मग अक्का, तुमचं कोर्ट धुळ्याचं." म्हणून ती धुळ्याला आली. वकिलानं अर्ज केला, नोटीस निघाली. शिरपूरकडच्या बेलिफाची जागा तेव्हा रिकामी होती, म्हणून नोटीस माझ्या पिशवीत पडली.

मी खळीचा डबा घेऊन गावात गेलो. अक्काचा पुतण्या हिलाल ओट्यावर दोर वळत बसला होता. पस्तिशीचा गडी, तोंड कायम आंबट कैरी खाल्ल्यासारखं.

मी म्हणालो, "लोटन सुका यांचं राहतं घर हेच का? नोटीस लावायची आहे."

"घर हाईच शे," तो म्हणाला. "पन काका आठे राहेच नही."

"कधीपासून?"

"माले मिसरूड फुटायच्या आधीपासून."

त्यानं मला काकाची खोली दाखवली. आत सरकीची पोती आणि एक मोडका नांगर. माणूस राहत असल्याची खूण नाही. खुंटीला टोपी नाही, कोनाड्यात तंबाखूची डबी नाही.

"मग राहायचे कुठं?"

हिलाल दोराला पीळ देत राहिला. म्हणाला, "ते अक्काले विचारा. मना तोंडातून नको." मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, "आमच्या बापानं, आबांनी, कानबाईत त्याची मूठ बंद केली होती. एका बैलावरून. आबांनी त्याला न विचारता बैल विकला, काका रागानं निघून गेला. आबा म्हणाले, घरात नही त्याची मूठ कशाले?"

खानदेशाबाहेरच्यांसाठी हे सांगावं लागेल. आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू टाकतात. नाव घ्यायचं, मूठ टाकायची. जो कामाला मुंबई-सुरतेला गेलाय त्याचीही टाकतात, तो घरचा आहे म्हणून. त्या गव्हाचा रोट भाऊकीनंच खायचा, बाहेर द्यायचा नाही. तेव्हा मूठ बंद करणं म्हणजे काय, ते समजून घ्या. रेशनकार्डावरून नाव कापलं तर माणूस तहसीलला जाऊन भांडेल. इथं कुणाकडे जाणार?

मी नोटीस डकवली नाही. राहतं घर नव्हतं तर कशावर डकवू? पंचांसमक्ष लिहून आणलं की मयत सदर ठिकाणी राहत नव्हता.

तारखेला साहेबांनी तो अहवाल वाचला. आमचे साहेब शांत माणूस. म्हातारं माणूस समोर असलं की पेन खाली ठेवून बोलायचे.

"आजी, तुमचा भाऊ गावी राहत नव्हता असं दिसतं."

"गावीच राहे," अक्का म्हणाली.

"मग बेलिफ खोटं लिहितो?"

अक्कानं माझ्याकडे बघितलं. "तो भला माणूस शे. पन तेले काय ठाऊक?"

लोक हसले. साहेबही हसले. म्हणाले, "खरं राहणं कुठं होतं ते सांगितलंत तर योग्य कोर्टात तुमचं काम लवकर होईल. इथं मी दाखला दिला आणि उद्या कुणी हद्दीचा मुद्दा काढला, तर तुम्हालाच त्रास."

"वाडवडलांचं घर गावात शे. जाळला गावात. मग राहनार कुठला म्हनू?"

वकील तिच्या कानाशी लागून म्हणाला, "अक्का, खरं सांगा, नाहीतर हातात काही येणार नाही." तिनं मान हलवून नाही म्हटलं. साहेबांनी दुपारनंतर पुन्हा पुकारा करायला सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत बघतो तर अक्का कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसलेली. पिशवीतली भाकर काढली होती, पण खात नव्हती. पक्षकाराला बेलिफानं घरी नेऊ नये, हे मला माहीत होतं. पण माझा अहवाल देऊन झाला होता, आणि उपाशी म्हातारीला कुठलं कलम लावायचं? म्हणालो, "अक्का, चला. घर मागंच आहे. कोरडी भाकर नका खाऊ."

घरी आमची हातात सूप घेऊन गहू निवडत बसली होती. कानबाई चार दिवसांवर आली होती. तिनं अक्काला बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर आणि वांग्याचं भरीत पुढं ठेवलं. अक्का जेवली. मग बायका जशा करतात तसं, न विचारता सूप ओढून घेतलं आणि गहू निवडायला लागली. मी दाराशी पान लावत बसलो. या दोघींना मी तिथं आहे याचं भान नव्हतं.

"रोटाचे का?" अक्कानं विचारलं.

"हो. आमच्यात सहा मुठी. तुमच्यात?"

"आते एकच. मनी."

"आणि मालक होते तेव्हा?"

अक्काचा हात सुपात थांबला. घरची म्हणाली, "दोन का?"

"तीन," अक्का म्हणाली.

एवढंच. पण घरचीला सगळं समजलं. मला, कोर्टाच्या माणसाला, पान खाऊन होईपर्यंत समजलं नव्हतं. मूलबाळ नसलेल्या नवरा-बायकोच्या घरात तिसरी मूठ कुणाची?

मग अक्का बोलायला लागली. बैलाच्या भांडणानंतर लोटन तिच्याकडे सावद्याला आला, तो परत गेलाच नाही. वखारीत काम धरलं. पहिल्या श्रावणात कानबाईच्या दिवशी तो अंगणात तोंड फिरवून बसला होता. गावाकडे आपली मूठ पडली नाही हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. अक्का गहू मोजत होती. एक नवऱ्याची, एक आपली. तिचा नवरा केळीचा व्यवहार सोडला तर दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. तो म्हणाला, "तेनी बी टाक."

"मी म्हनलं, आहो, तो आपल्या भाऊकीचा नही. रोट बाटी जाई. ते म्हनले, कानबाईले मी सांगी दिसू. तू टाक." अक्कानं डोळे पुसले. "तवापासून तीन मुठी. मालक गेले, तरी भाऊनं माले एक दिस उपाशी ठेवलं नही. घर त्यानं चालवलं. पन बाई, लोके काय म्हनतीन? भाऊ जन्मभर बहिणीच्या दारी पडला? बहिणीचं खाल्लं? त्यात परका रोट खाल्ला. कोर्टात पुकारा करून सांगू का हे? पैसा नही भेटला तरी चाली. तेनं नाव नको जायाले."

आता हे शहरातल्या वाचकाला कळणार नाही कदाचित. आमच्याकडे बहीण भावाच्या घरी हक्कानं येते, साडी घेऊन जाते. भाऊ बहिणीच्या घरी पाणी प्यायला तरी ओवाळणी टाकतो. तिच्या घरी कायमचा राहिला तर माणसं त्याला माणसांत मोजत नाहीत. म्हणून तिनं जळगावात खोटं सांगितलं, धुळ्यात खोटं सांगितलं. त्याची अब्रू राखायला ती आपली भाकर सोडून द्यायला निघाली होती.

घरचीनं तिच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. ती फार गोड बोलणारी नव्हती. मी फटकळ बोलतो म्हणतात, पण मी ते तिच्याकडूनच शिकलो.

ती म्हणाली, "अक्का, एक विचारू? माणूस गेला. आता तो कुठं राहतो ते तुमच्या तोंडात आहे. तुम्ही त्याला कुठं ठेवताय? ज्या घरात त्याची मूठ बंद केली, तिथं?"

अक्कानं वर बघितलं.

"जिथं त्याची मूठ पडत होती, ते घर तुम्ही पुसून टाकताय. तुमच्या मालकानं कानबाईशी बोलून त्याला जागा दिली. तुम्ही कोर्टाशी बोलून ती काढून घेताय."

मी पानाची पिंक टाकायची विसरून गेलो.

अक्कानं सूप बाजूला ठेवलं, चूळ भरली, पदर नीट केला. दुपारी पुकारा झाला तेव्हा पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, "साहेब, तो कागद परत द्या."

साहेब म्हणाले, "आता कुठं जाणार, आजी?"

"जळगावले. तो सावद्याले राहे. मना घर."

साहेबांनी योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी अर्ज परत दिला. वकिलानं जळगावच्या त्याच्या ओळखीच्या वकिलाला चिठ्ठी लिहून दिली. भला पोरगा होता.

रोट झाल्यावर घरचीनं टुमणं लावलं. "म्हातारी एकटी कशी जाईल? आपण जाऊ."

"मी बेलिफ आहे का तिचा जावई?"

"जावई नाही म्हणून तर जायचं."

रजा टाकली. बसनं जळगावला गेलो. अक्का आमच्या आधी येऊन पायरीवर बसलेली होती, धुतलेलं लुगडं नेसून. चिकाचे डाग होतेच. आत अर्ज तयार करताना वकिलाच्या कारकुनानं न बघताच विचारलं, "मयत राहणार?"

अक्का एवढ्या मोठ्यानं बोलली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. "सावदा. मना घर. मना चुलावर जेवे. लिखी ल्या."

कारकून म्हणाला, "नुसतं सावदा पुरे."

"पुरे नही. बठ्ठं लिखा."

त्यानं बठ्ठं लिहिलं की नाही, ते मला माहीत नाही. पण 'राहणार सावदा, बहिणीचे घरी' एवढं तरी लिहिलं, ते पुढं नोटिशीत आलं.

नोटीस अक्काच्या दारावर जळगावकडच्या बेलिफानं लावली. तारखेला आम्ही पुन्हा गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, कुणाची हरकत? आणि मागून हिलाल पुढं आला. अक्काचा चेहरा पडला. मलाही वाटलं, आता हा काढतो काहीतरी. तो पिंजऱ्यात उभा राहिला, टोपी हातात.

"हरकत आहे का तुमची?"

"हरकत नही साहेब. पन एक लिहून घ्या. आम्ही काकाले घरातून काढलं नव्हतं. तो निघी गया."

"ते लिहायची इथं जागा नाही," साहेब म्हणाले.

हिलाल जरा घुटमळला. मग अक्काकडे बघून म्हणाला, "मग अक्का, तू तरी ध्यानात ठेव."

बाहेर आल्यावर घरचीनं त्याला गाठलं. तिच्या ओळखीचा ना पाळखीचा, पण तिला कुणाची भीड नव्हती. "ऐकलं हिलालभाऊ. मूठ आबांनी बंद केली, बरोबर. आबा जाऊन किती वर्षं झाली?"

हिलालचं तोंड आणखी आंबट झालं. पण तो अक्काला सावद्याच्या बसपर्यंत सोडायला गेला, तिची पिशवी त्याच्या हातात होती. मी ते लांबून बघितलं.

दाखला मिळाला. बँकेतलं काम झालं. अक्का मजुरीला जायची थांबली.

पुढं बऱ्याच वर्षांनी, मी निवृत्त व्हायच्या सुमारास, रावेरला एका लग्नाला गेलो होतो. येताना घरची म्हणाली, सावद्याला उतरू. अक्काचं घर शोधलं. दारावर ती नोटीस अजून होती! कागद पिवळा पडलेला, कडा फाटलेल्या, शिक्का उडालेला. पण 'मयत लोटन सुका, राहणार सावदा, बहिणीचे घरी' हे वाचता येत होतं. अक्काला म्हणालो, "अहो, ही आठ दिवसांत काढून टाकायची असते."

ती म्हणाली, "काबर काढू? सरकारनं लावेल शे." मग घरचीला म्हणाली, "निंघाले लागनी की मी परत चिकटावस. पन शेया खातीस वं बाई. तू काय घालस खळमा?"

घरचीनं तिला शेळ्यांवरचं कडुलिंबाचं सांगितलं. दोघी चुलीपाशी बसून खळ करत बसल्या. आमची बस गेली.

मागच्या वर्षी घरची गेली. शेवटचे काही महिने आम्ही सुरतला थोरल्याकडे होतो, दवाखाना तिथं बरा म्हणून. तिच्या बापानं तिच्या नावावर ठेवलेलं थोडं काही होतं, त्याचा दाखला हवा होता. थोरला कागद करून घेऊन आला. मी चष्मा लावून वाचला. मयत राहणार सुरत.

म्हणालो, "ही कोण बाई? मी ओळखत नाही."

"आबा, आई तिथंच वारली ना?"

"वारली तिथं. राहायची धुळ्याला."

धुळ्याच्या कोर्टात गेलो. कारकून नवा, मला ओळखत नव्हता. त्यानं विचारलं, "मयत राहणार?" आणि मी अडखळलो. आयुष्यभर ज्यांना अडखळताना बघितलं, ते सगळे आठवले. उत्तर येत नव्हतं असं नाही. ते सांगितलं की 'राहायची' म्हणावं लागणार होतं, आणि मी घरात अजून 'राहते' म्हणत होतो.

कारकून म्हणाला, "बाबा, गावाचं नाव सांगा फक्त. सोपं आहे."

"धुळे," मी म्हणालो. "आमच्या घरी. मी तिच्या चुलीवर जेवायचो. लिहून घ्या."

"नुसतं धुळे पुरे."

मी वाद घातला नाही. बेलिफ होतो, रकाना केवढा असतो ते मला ठाऊक आहे.

आता माझं सांगून ठेवतो. मी सध्या थोडे दिवस सुरतला, थोडे दिवस धाकट्याकडे पुण्याला, उरलेले धुळ्याला असतो. कायद्याच्या भाषेत ठाम ठिकाण नसलेला माणूस. पण कानबाईला मी धुळ्यालाच येतो. सगळे येतात. मुठी आता थोरली सूनबाई टाकते. तिची मूठ लहान आहे, हिची भरगच्च असायची, गहू बोटांतून सांडायचे. पण माझ्या नावाची सव्वा मूठ पडते ती धुळ्याच्या घरात पडते. तेव्हा पोरांनो, माझ्या वेळी वकिलाला विचारत फिरू नका. कोर्ट धुळ्याचं.

आणि दारावर नोटीस लागेल, तिच्या खळीत कडुलिंब घाला म्हणावं.